पानाच्या डब्यातली कृष्णकमळं

“बुवा, यंदा कीर्तन दुपारचं न्हाई. सांजचं ठेवलंय, सात वाजता,” आप्पासाहेब शितोळे म्हणाले आणि आमच्या वेलाचं एक पिकलेलं फळ न विचारता तोडून त्यांनी खिशात टाकलं.

अण्णा मांडवाखाली बाजेवर बसले होते. मांडव कसला, चार बांबू आणि त्यांवर पसरलेला कृष्णकमळाचा वेल. पण श्रावणातल्या उन्हाला तेवढा पुरत असे. अण्णांनी हातानेच “का?” असं विचारलं. त्यांचा घसा मागच्या दिवाळीपासून बसला होता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी आत गाठी असल्याचं सांगून बोलायचं नाही अशी तंबी दिली होती. अण्णा म्हणजे अच्युतबुवा गोसावी. गावच्या मुरलीधराच्या देवळात श्रावणातल्या उत्सवाचं कीर्तन मला कळायला लागल्यापासून त्यांचंच. बोलण्यावरच ज्याचं पोट, त्याला ही तंबी! आता ते कुजबुजत, तेही गोदाआत्याचं लक्ष नसेल तेव्हा.

“का म्हंजे?” आप्पासाहेब देवळाचे मुख्य पंच होते आणि मनातलं पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती. “देवळात मी ट्यूबलायटी बसवल्यात. लाउडस्पीकर आणलाय. दुपारच्या उजेडात त्या ट्यूबलायटी दिसणार कुणाला?”

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं.

“हां, हिचंच बोलाया आलोय.” आप्पासाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि हातात खराटा होता. “बाकीचे पंच म्हणत्यात, पुण्याचे बुवा आणू. त्यांची कॅसेटबी ऐकवली मला. गळा चांगलाय. पण मी म्हनलं, आपल्या बुवांची पोरगी शिकलीया, एक डाव तिला उभी करू. जमलं तर सेवा तुमच्याकडंच राहील, ह्या खोल्याबी. न्हाई जमलं तर...” त्यांनी मांडवाकडे पाहिलं. “पुण्याच्या बुवांनाबी ऱ्हायाला जागा लागंलच की.”

देवळामागच्या त्या दोन खोल्या कीर्तनाच्या सेवेबरोबर मिळालेल्या होत्या. गादी गेली की छप्परही जाणार, हे आम्हाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

“आणि एक,” दारातून वळून आप्पासाहेब म्हणाले, “ते फुलाचं तेवढं झालं पायजे. आमचं जावई मुद्दाम ते बघाया येणारेत. क्यामेरा घिऊन.”

*

ते फुलाचं म्हणजे काय, ते सांगते.

कृष्णकमळ ज्यांनी नीट पाहिलं असेल त्यांना ठाऊक आहे. पांढऱ्या पाकळ्या, त्यांवर जांभळ्या तंतूंची कुरळी झालर, ते शंभर कौरव. झालरीच्या आत पाच पुंकेसर, ते पांडव. त्यांच्यावर तीन, ते ब्रह्मा, विष्णू, महेश. आणि मधोमध एक हिरवी गोटी. गोटी म्हणजे कृष्ण, असं अण्णांचं मत. ती द्रौपदी आहे, असं गोदाआत्याचं. आत्या अण्णांपेक्षा मोठी, विधवा होऊन माहेरी आलेली, आणि माझी आई गेल्यावर मला तिनेच वाढवलेलं. त्यामुळे घरापुरती ती गोटी द्रौपदी होती आणि गादीवर कृष्ण.

कीर्तनाचा पहिला भाग, पूर्वरंग, संपला की बुक्का लावतात, हार घालतात. मग आख्यानाला, म्हणजे गोष्टीला सुरुवात. तेव्हा अण्णा उपरण्याच्या आडून एक पितळी पानाचा डबा काढत. “लढाई पाहायला कुरुक्षेत्राला कशाला जाता?” असं म्हणून थांबत. समोरच्या बायका पुढे सरकत. मग “हे घ्या!” म्हणून डबा उघडत. आत ओल्या मलमलीवर टवटवीत कृष्णकमळं. मग एकेक कौरव, एकेक पांडव दाखवत असं काही रंगवत की पोरंटोरं आपल्या बोटांनी शंभर मोजायला लागत. दरवर्षी तेच फूल, तीच वाक्यं, आणि दरवर्षी माणसं नव्याने “आहा” म्हणत.

हे सगळं मला जसंच्या तसं करायचं होतं. अण्णांनी मला महिनाभर घासलं. आवाज नसल्यामुळे ते चिपळ्यांनी शिकवत. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे घाई झाली, आणि चिपळ्या खाली ठेवल्या म्हणजे कपाळाला हात लावलेला समजायचा.

“अण्णा, इथे मी माझं एक वाक्य घालू का?” मी एकदा विचारलं.

चिपळ्या खाली.

“तुझं वाक्य तुझ्या घरी,” ते कुजबुजले. “लोक माझं ऐकायला येतात. माझंच द्यायचं.”

“मग त्यांनी तुमची कॅसेट काढायला हवी होती.”

ह्यावर त्यांना हसू आलं आणि हसल्याने खोकला आला. मग आत्या स्वयंपाकघरातून धावत आली आणि आम्हा दोघांनाही बोलणी बसली.

वेलाच्या बाबतीत आत्याचा अधिकार मोठा होता. फुलं तिच्या देवांना. फळांचं सरबत: गर चाळणीवर घासून, बिया काढून, साखर आणि किंचित मीठ घालून. आल्यागेल्याला तेच, आणि आप्पासाहेबांसारखा कुणी आला तर फळं जायच्या आत घाईघाईने. वाळलेल्या काटक्या बंबात. पानं मात्र औषधाला. ती पानं उकळून गूळ घालून केलेला तिचा काढा मन शांत करतो, असा तिचा ठाम दावा होता. परीक्षेला बसणाऱ्यांना काढा, सासूशी भांडून आलेल्यांना काढा, सासू मागोमाग आली तर तिलाही काढा. मला त्याची चव बिलकूल आवडत नसे. जुन्या पिंपातल्या पाण्यासारखी लागे.

“उद्या गादीवर उभी राहायच्या आधी पेलाभर घे,” ती म्हणाली. “हातपाय कापणार नाहीत.”

“कापत नाहीतच माझे.”

“मग आत्ता तो खराटा का थरथरतोय?”

*

उत्सवाच्या दिवशी अण्णा दुपारी बाराला मांडवाखाली गेले. फुलं ते स्वतःच तोडत, दुसऱ्याचा हात लावू देत नसत. पाच चांगली उमललेली निवडली, मलमल भिजवून पिळली, डब्यात अंथरली, फुलं ठेवली, झाकण लावलं.

“उघडून बघायचं नाही,” त्यांनी मला कुजबुजून बजावलं. “वारा लागला की कोमेजतात. गादीवरच उघडायचा.”

मी डबा देवापाशी ठेवला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता हसाल, पण खरं सांगते. त्याच संध्याकाळी, देवळात जायच्या आधी, मी मांडवाखालचं अंगण झाडलं. वर वेलावर दुपारची सगळी फुलं मिटायला लागली होती. आदल्या दिवशीची मिटून गळलेली मी खराट्याने गोळा केली. रोजच करत होते, लहानपणापासून. कृष्णकमळ दिवस मावळताना मिटतं हे मला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं, आत्याला माहीत होतं. पण इतकी वर्षं कीर्तन व्हायचं ते दुपारी तीनला. डबा उघडायचा चारच्या सुमाराला. वेळ बदलली, तरी तिघांतल्या एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. गुन्हेगार त्या ट्यूबलायटी, असं मी आजही म्हणते.

देवळात जायला निघालो तेव्हा सदूभाऊ पेटी घ्यायला आले. सदूभाऊ गावचे शिंपी आणि अण्णांचे पेटीवाले. डोळे लाल झालेले.

“परटांच्या घरचं बारसं हाय,” ते म्हणाले. “रात्रभर मशीन चालवली, यमूताई. पर काळजी करू नका, मी हाय ना. ह्यो चहा कुणाचा हाय?”

ओट्यावर पेला होता. मी काही म्हणायच्या आत त्यांनी तो तोंडाला लावला आणि गटागटा संपवला.

“सदूभाऊ, तो आत्याचा काढा होता! माझ्यासाठी केलेला.”

त्यांनी पेल्याच्या तळाशी पाहिलं. “तरीच म्हनलं, चहा पिंपातला कसा लागतोय.”

*

देऊळ भरलं होतं. ट्यूबलायटी चार होत्या आणि प्रत्येकीवर आप्पासाहेबांच्या वडलांचं नाव तांबड्या अक्षरांत, पत्त्यासकट. त्यामुळे उजेड नावाच्या आजूबाजूने काय येईल तेवढाच. तरी लोक खूश होते. लाउडस्पीकरचा कर्णा पिंपळाला बांधलेला. पुढच्या रांगेत आप्पासाहेब, शेजारी पाटलोण घातलेले जावई, त्यांच्या गळ्यात कॅमेरा. बायकांच्या बाजूला खांबापाशी गोदाआत्या. आणि तबलजीच्या पलीकडे, भिंतीला टेकून, अण्णा. स्वतः गादीवर नसलेला उत्सव त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

मी नऊवारी नेसले होते आणि वर अण्णांचं उपरणं. पहिलं नमन झालं, आवाज स्थिर लागला. पूर्वरंग चांगला गेला. मी अण्णांचीच वाक्यं, त्यांच्याच थांब्यांनी म्हणत होते, आणि समोर माना हलत होत्या. कुणी तरी “बापाची हुबेहूब,” असं म्हटलेलंही ऐकू आलं. फक्त पेटी जरा रेंगाळत होती. दोनदा मी सूर सोडून पुढे गेले आणि पेटी मागाहून सावकाश आली. वळून पाहिलं तर सदूभाऊंची मान छातीवर, बोट मात्र पट्टीवर. तबलजीने त्यांना कोपराने ढोसलं. ते दचकून उठले, दोन ओळी जोरात वाजवल्या आणि पुन्हा डुलायला लागले.

बुक्का झाला, हार झाला. आप्पासाहेबांनी जावयांना खूण केली. जावयांनी कॅमेऱ्याचं झाकण काढलं.

मी उपरण्याच्या आडून डबा काढला.

“लढाई पाहायला,” मी म्हणाले, “कुरुक्षेत्राला कशाला जाता?”

थांबले. बायका पुढे सरकल्या. अगदी ठरल्याप्रमाणे.

“हे घ्या!”

आणि झाकण उघडलं.

आत पाच मिटलेल्या गुंडाळ्या. पाकळ्या वर येऊन घट्ट बंद झालेल्या. ना झालर, ना पांडव, ना ब्रह्मा-विष्णू-महेश. कौरव तर औषधालाही नाही.

खोल्या गेल्या, असं अगदी शब्दांत मनात उमटलं. दोन खोल्या, मांडव, अण्णांची बाज, आत्याचे देव. पुढच्या बायका वाकून डब्यात पाहत होत्या. एक पोर म्हणालं, “ह्ये तर सुकलंय!” लाउडस्पीकरमुळे ते पिंपळापर्यंत ऐकू गेलं. आप्पासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. जावयांनी कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला.

मी अण्णांकडे पाहिलं, एकदाच. तिथे मला काय दिसलं ते इथे सांगत नाही. कीर्तनकाराच्या घरात वाढलेल्या बाईला गोष्ट कुठे राखून ठेवायची तेवढं कळतं.

मग मी आप्पासाहेबांकडे वळले.

“आप्पासाहेब, तुमच्याकडे घड्याळ आहे. किती वाजले?”

ते गोंधळले. गादीवरून त्यांना कधी कुणी काही विचारलं नव्हतं. “आठला थोडी कमी हायती.”

“म्हणजे सूर्य मावळला?”

“मघाशीच की.”

“मग मंडळी, कुरुक्षेत्रावर आता काय चाललं असेल?”

पुढच्या वाक्याची मला सुतराम कल्पना नव्हती. तेवढ्यात पुढे बसलेल्या एका दात पडलेल्या म्हातारीने हात उडवला.

“काय चालायचं? सूर्य बुडला की लडाई बंद. मग जेवायचं न् झोपायचं.”

मला त्या म्हातारीच्या पाया पडावंसं वाटलं.

“बंद!” मी म्हणाले. “आजीबाईंना माहीत आहे आणि तुम्ही इतकी वर्षं कीर्तन ऐकून विसरलात. अण्णा तुम्हाला लढाई दाखवायचे, कारण ते दुपारी उभे राहायचे. आप्पासाहेबांनी मला संध्याकाळी उभं केलं. आता लढाई कुठून आणू? सूर्य मावळला, शंख वाजला, सगळे परतले.” एक गुंडाळी मी बोटांत धरून उंच केली. “दिवसभर एकमेकांच्या जिवावर उठलेले हे शंभर आणि हे पाच. आणि रात्री बघा. एकाच पांघरुणात! कोण कौरव, कोण पांडव, सांगा बरं आता बाहेरून?”

हशा उसळला, पण मागून “आहा”ही आलं. मी पुढे गेले.

“सगळी छावणी गाढ झोपली. ऐका, ऐका, आवाज येतोय...”

मी कानाला हात लावला. देऊळ चिडीचूप. आणि त्या शांततेत, माइकपासून हातभर अंतरावर, सदूभाऊ घोरले.

कर्ण्यातून ते घोरणं पिंपळावर, पिंपळावरून नदीवर गेलं. असं भरदार घोरणं मी आजवर ऐकलेलं नाही. माणसं लोळायला लागली. आत्याने तोंडाला पदर लावला. काढ्याचा गुण आला म्हणून असेल. काढ्याने की जागरणाने, हा वाद तिचा आणि सदूभाऊंचा पुढे कित्येक वर्षं चालला.

“हा भीम,” मी म्हणाले. “ह्याला उठवू नका.”

हसणं ओसरेपर्यंत मी थांबले. कुठल्याही चिपळ्यांनी सांगितलं नव्हतं, तरी किती थांबायचं ते मला कळलं.

“पण एक जण जागा आहे,” मी आवाज खाली आणला. “फुलात सगळ्यांच्या मधे एक हिरवी गोटी असते. सगळं मिटतं, तेव्हा ती आत कुठे असते, दिसत नाही. तो जागा आहे. दिवसभर रथ हाकला, आता घोडे सोडलेत. अर्जुन झोपला, पण घोड्यांना कोण बघणार? नदीवर नेलेत. एकेकाच्या अंगातले बाण उपसतोय, पाठ चोळतोय, पीतांबराच्या ओच्यात चंदी घेऊन चारतोय.”

घोडा कसा धुतात ते मला चांगलं माहीत होतं. गावचा टांगेवाला बाबालाल रोज घाटावर आपला घोडा धुवायचा आणि मी कपडे धुताधुता पाहायची. घोड्याचं कान हलवणं, पाण्यात पाय ठेवताना आधी कुरकुरणं, मानेखाली खाजवलं की डोळे मिटणं, सगळं सांगितलं. मागे उभ्या बाबालालने मोठ्यांदा “अगदी बरोबर!” अशी पावती दिली. सगळ्यात शेवटचा घोडा पाण्यात शिरेना, म्हणून कृष्ण आधी स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरला, असं मी सांगितलं. हे मी कुठे वाचलं नव्हतं. मला ते तिथे उभ्या उभ्या दिसलं. म्हातारीने डोळे पुसले.

आरतीच्या वेळी सदूभाऊ जागे झाले आणि त्यांनी एकदम भैरवी सुरू केली. त्या दिवशी त्यांच्या एकाच गोष्टीची वेळ चुकली नाही.

*

“फूल मिटल्यालं का व्हतं?” आप्पासाहेबांनी देवळाच्या पायरीवर मला गाठलं. जावई नाराज होते. त्यांनी आख्ख्या कीर्तनात एकच फोटो काढला होता, माझ्या हातातल्या गुंडाळीचा.

मी तोंड उघडलं. पण मधेच ती म्हातारी घुसली. “घोड्यांचं म्होरं उद्या सांगणार न्हवं? सकाळी परत जुपायचं कसं त्यास्नी?”

“उद्या कसलं? उत्सवाचं कीर्तन एकच असतंय,” आप्पासाहेब म्हणाले.

“मग उद्या एक वाढवा. ट्यूबलायटी हायती न्हवं?”

तीन-चार बायकांनी मान डोलावली. आप्पासाहेबांनी वर कर्ण्याकडे पाहिलं, ट्यूबलायटींकडे पाहिलं, आपल्या वडलांच्या नावाकडे पाहिलं.

“पुण्याला नको म्हणून कळवतो,” ते शेवटी म्हणाले. “पण पुढल्या सालीबी सांजचंच हां. दुपारचं परत मागायचं न्हाई.”

आत्या रडली. मी रडले नाही, कारण मला एकदम खूप भूक लागली होती. घरी येऊन मी चार भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदूभाऊ लाजत लाजत माफी मागायला आले. मी अंगणात पाणी शिंपत होते. मांडवाखालून अण्णांची कुजबुज कानावर आली.

“अरे, मी मुद्दाम दिली मिटलेली,” अण्णा सांगत होते. “उमललेली दिली असती तर पोर माझंच म्हणून मोकळी झाली असती. स्वतःचं कधी निघालं असतं का? पाण्यात ढकलल्याशिवाय पोहता येत नाही.”

“अरारा! बुवा, काय डोकं तुमचं!”

माझ्या हातातली कळशी तशीच राहिली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच वेलाकडे पाहायला लागले.

दुपारपर्यंत ते सदूभाऊंच्या दुकानातून गावभर झालं. पुढच्या गुरुवारी वाईचा एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आला. “असा गुरू हवा,” म्हणाला. मग आणखी काही जण आले. अण्णांचा आवाज शेवटपर्यंत परत आला नाही. पण त्या मांडवाखाली त्यांनी कुजबुजून आणि चिपळ्या वाजवून कितीतरी कीर्तनकार घडवले. प्रत्येक नव्या शिष्याला आधी सरबत आणि मग मिटलेल्या फुलांची गोष्ट. दरवर्षी तिच्यात भर पडे. शेवटी शेवटी तर ट्यूबलायटींची कल्पनाही अण्णांनीच आप्पासाहेबांच्या डोक्यात भरवून दिली होती, इथपर्यंत मजल गेली. मी चहा देताना मान डोलवायची.

आता राखून ठेवलेलं सांगते.

डबा उघडल्यावर मी अण्णांकडे पाहिलं, तेव्हा ते अर्धे उठले होते. एक हात भिंतीला, दुसरा माझ्याकडे केलेला. चेहरा पांढराफटक. गादीवर कुणाचंही काही चुकलं, पेटी बिनसली, पखवाज फुटला, की अण्णा एका वाक्यात सावरून घेत. त्यात त्यांचा हातखंडा होता. आताही त्यांना काही तरी सुचलं होतं. तोंड उघडलं, ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. आणि काहीही बाहेर आलं नाही. हवासुद्धा नाही. इतके महिने घरात ते कुजबुजत होते, तरी त्यांचा आवाज गेलाय हे मला त्या क्षणी कळलं. त्यांना बोलता येणार नव्हतं, म्हणून मी बोलले. एवढंच.

ते मुद्दाम असतं, तर माणूस असा उठत नाही.

मी हे कुणाला सांगितलं नाही. त्यांना तर नाहीच. त्यांच्या शेवटच्या श्रावणात आम्ही असेच मांडवाखाली बसलो होतो, संध्याकाळची वेळ. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. वेल मात्र तसाच. डोक्यावर फुलं मिटत होती.

“यमे,” अण्णा कुजबुजले. “त्या दिवशी मी उठलो होतो, ते तू पाहिलं होतंस.”

“पाहिलं होतं.”

“आणि इतकी वर्षं बोलली नाहीस.”

“तुम्ही इतकं छान सांगत होता. मधे कशाला बोलायचं?”

ते गालात हसले. मी इतकी वर्षं मनात असलेलं विचारून टाकलं.

“अण्णा, तुम्हाला काय सुचलं होतं हो तेव्हा? माझ्यापेक्षा भारी काही तरी असणार.”

“सुचतंय कपाळ,” ते म्हणाले. थोडा वेळ श्वास घेतला. “मी म्हणणार होतो, मंडळी, चूक माझी आहे, पोरीची नाही. तिला आणखी एकदा उभं राहू द्या.”

वरून एक मिटलेलं फूल त्यांच्या मांडीवर पडलं. ते त्यांनी उचलून बोटांत फिरवलं.

“बरं झालं घसा बसला होता,” अण्णा म्हणाले. “नाही तर तुझं पहिलं कीर्तन माझ्या माफीवरच आटोपलं असतं.”

जन्मभर गादीवर उभी राहून बोलले मी. पण त्या संध्याकाळी मी फक्त आतून पानाचा डबा आणला आणि ते फूल त्यात ठेवलं.